अपराधाचे मूळ रक्तात नव्हे



वृत्तपत्रात एखाद्या निर्घृण हत्येची वा दरोड्याची बातमी आली की समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली संतापाची असते. ‘असल्या नराधमांना भर चौकात फाशी द्या’ असे म्हटले जाते. दुसरी सहानुभूतीची असते. ‘परिस्थितीने त्याला तसे बनवले, त्यात त्याचा काय दोष?’ असे विचारले जाते. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. परंतु दोहोंत एक साम्य आहे. दोन्हीकडे विचार तेथेच थांबतो. एकाने गुन्हेगाराला माणसांतून वजा केलेले असते, दुसऱ्याने त्याला परिस्थितीच्या हातचे बाहुले ठरवलेले असते. त्या माणसाने ते कृत्य का केले आणि त्याच घरात, त्याच हलाखीत वाढलेल्या त्याच्या सख्ख्या भावाने ते का केले नाही, हा प्रश्न दोघांच्याही मनाला शिवत नाही. ज्या विद्याशाखेने हा प्रश्न आपला मानला, तिचे नाव अपराधशास्त्र.

‘कोणी’ आणि ‘का’

दूरचित्रवाणीवरील तपासकथांमुळे अनेक तरुणांना या विषयाचे आकर्षण वाटू लागले आहे. मात्र न्यायसहायक विज्ञान आणि अपराधशास्त्र यांत अनेकदा गल्लत केली जाते. रक्ताचा डाग, बोटांचे ठसे, संगणकातील पुसलेल्या नोंदी यांवरून गुन्हा कोणी व कसा केला हे शोधणे, हे न्यायसहायक विज्ञानाचे काम. गुन्हा का घडतो, कोठे अधिक घडतो, कोणत्या वयात घडतो आणि मुख्य म्हणजे तो केव्हा थांबतो, हे शोधणे अपराधशास्त्राचे काम. त्यासाठी त्याला कायदा, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र या चौघांचीही मदत घ्यावी लागते. इटलीतील न्यायविद राफाएले गारोफालो यांच्या १८८५ च्या ग्रंथाने या विद्याशाखेला तिचे नाव दिले. भारतात सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तर १९७२ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीत राष्ट्रीय पातळीवरील संस्था स्थापन केली. ती आज राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी तज्ज्ञाने जाण्याची तरतूद केली आहे. त्यामुळे ‘कोणी’ आणि ‘कसे’ या प्रश्नांची उत्तरे अधिक निर्दोष मिळतील. ते स्वागतार्हच आहे. परंतु ‘का’ हा प्रश्न त्यामागे झाकला जाता कामा नये. कारण या प्रश्नाचे चुकीचे उत्तर समाजाने एकदा स्वीकारले, की त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागते. याच देशात ती मोजली गेली आहे.

दंडाची मर्यादा

गुन्ह्याचा विचार करताना दंडाचा विचार प्रथम येतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात ‘कण्टकशोधन’ या नावाचे एक संपूर्ण अधिकरण या विषयाला दिले आहे. दंड अतिकठोर असेल तर प्रजा उद्विग्न होते, अतिसौम्य असेल तर शासनाचा धाक उरत नाही. म्हणून दंड यथायोग्य असावा, असा त्याचा विचार आहे. युरोपात हाच विचार १७६४ मध्ये मिलान येथील चेझारे बेकारिया याने मांडला. त्या काळी तेथे कबुलीसाठी छळ करणे कायदेशीर होते आणि क्षुल्लक गुन्ह्यांसाठी देहान्त शासन होत असे. बेकारियाचे प्रतिपादन असे की, शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चिती आणि तत्परता यांचा धाक अधिक असतो. पुढील अडीचशे वर्षांच्या अभ्यासाने या प्रतिपादनाला मोठ्या प्रमाणात दुजोराच दिला आहे. जो चोर आपण पकडलेच जाणार नाही असे मानून चालतो, त्याला पाच वर्षे आणि दहा वर्षे यांतील फरकाने काय फरक पडणार?

या कसोटीवर आजची स्थिती पाहिली म्हणजे चिंता वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे दर चौघांतील तिघांचा निकालच लागलेला नव्हता. निर्दोष माणसाला विनानिकाल वर्षे काढावी लागतात आणि दोषी माणसाला शिक्षा कधी होईल याचा भरवसा नसतो. अशा स्थितीत शिक्षेचे आकडे वाढवून धाक वाढत नाही.

शिवाय हिशेब करून गुन्हा करणाऱ्यालाच दंडाचा धाक वाटतो. दारूच्या नशेत, क्षणिक रागात, मित्रांच्या चिथावणीने केलेल्या कृत्यांत हिशेब नसतो. म्हणून दंड आवश्यक असला तरी तो पुरेसा ठरत नाही आणि शोध पुढे न्यावा लागतो.

कवटीतील गुन्हेगार

हा शोध एकोणिसाव्या शतकात एका चुकीच्या वळणावर गेला. चेझारे लोम्ब्रोझो हा इटलीतील वैद्य. विलेल्ला नावाच्या एका कैद्याच्या कवटीची तपासणी करताना तिच्या मागील भागात त्याला एक असाधारण खळगा आढळला. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की, काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात. उत्क्रांतीच्या मागच्या पायरीवर ती राहून गेलेली असतात. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने जबड्याची ठेवण, कानांचा आकार, कपाळाचा उतार अशी ‘गुन्हेगाराची लक्षणे’ सांगितली. त्याला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की, ग्रंथातील तर्क सोडून प्रत्यक्ष माणसाचा अभ्यास करावा हा आग्रह त्यानेच रुजवला आणि पुढे जन्मजात गुन्हेगारांचे प्रमाण त्याने स्वतःच कमी करत आणले. पण बीज पेरले गेले होते.

इंग्लंडमधील कारागृहाचे वैद्य चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि सैनिक, विद्यार्थी, रुग्ण अशा इतर गटांशी ती ताडून पाहिली. १९१३ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गुन्हेगाराचा असा कोणताही वेगळा शारीरिक साचा अस्तित्वात नाही. आजचे जीवशास्त्रही याहून वेगळे सांगत नाही. स्वभावातील उतावीळपणा वा आक्रमकता यांत आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, हे आता मान्य झाले आहे. पण चोरीचे वा खुनाचे असे कोणतेही जनुक नाही. उतावीळ स्वभावाचा मुलगा कुस्तीच्या आखाड्यात जाईल, सैन्यात जाईल की टोळीत जाईल, हे कवटीत लिहिलेले नसते.

कायद्याने जन्माला घातलेले गुन्हेगार

लोम्ब्रोझोच्या ग्रंथापूर्वी पाच वर्षे, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, ब्रिटिश सरकारने भारतात ‘गुन्हेगार जमाती कायदा’ संमत केला होता. युरोपात जे अनुमान एका माणसाच्या कवटीवरून निघाले, ते येथे संपूर्ण जमातींवर लादले गेले. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागील तर्क. जमातीची नोंद एकदा ‘गुन्हेगार’ म्हणून झाली की त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. नोंद झालेल्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. पुढे मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही करण्यात आली. प्रारंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये देशभर लागू करण्याजोगा करण्यात आला. सोलापुरात तारांच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि पुन्हा हजेरीसाठी कुंपणात परतत. सोलापूरचा तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो.

ही माणसे मुळात कोण होती? बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत. सैन्याची रसद त्यांच्यावर अवलंबून असे. १८५३ नंतर लोहमार्ग पसरत गेले आणि तो व्यवसाय बुडाला. पारधी शिकारीवर जगत. वनकायद्यांनी जंगल त्यांच्यासाठी बंद झाले. रामोश्यांकडे गावांची आणि गडांची राखण होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली, गडांवरची शिबंदी मोडली, हक्क गेले. ज्यांच्या हाती राखण होती, त्यांनाच चोर म्हणण्याची पाळी आली. याच असंतोषातून उभ्या राहिलेल्या उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी देण्यात आले. इंग्रजांच्या दफ्तरात ते दरोडेखोर होते. समाजाच्या स्मृतीत ते आद्य क्रांतिकारक आहेत. गुन्हेगार कोणाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते, हा याचा अर्थ.

या जमातींत काहींनी चोऱ्या केल्याच नाहीत, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. केल्या. पण आधी उपजीविका गेली, मग चोरी आली आणि मग शिक्का बसला. इंग्रजांनी हा क्रम उलटा लावला. शिक्का बसल्यावर तर प्रामाणिक कामाचे दरवाजे बंदच झाले. अमेरिकेतील हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये शिक्क्याचा हा सिद्धांत मांडला. समाज ज्याला एकदा बाहेरचा ठरवतो, त्याला आत येण्याची वाट उरत नाही आणि तो शिक्क्याप्रमाणेच वागू लागतो. लातूर परिसरातील उचल्या समाजात वाढलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते आत्मकथन वाचलेल्या मराठी वाचकाला या सिद्धांतासाठी अमेरिकेत जाण्याची आवश्यकता नाही.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु कागदावरून पुसलेला शिक्का समाजमनावरून पुसला गेला का? सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांच्या आडून संशय चालूच राहिला. कारागृहाच्या नियमावल्यांतून जातीवरून होणारा भेद आणि विमुक्त जमातींकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची दृष्टी घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये द्यावा लागला. विमुक्ततेनंतर बहात्तर वर्षांनी हे सांगावे लागावे, यातच समाजाचे अपयश आहे. याच्या उलट, तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे भटके-विमुक्त विकास परिषदेने उभारलेल्या प्रकल्पातून पारधी आणि अन्य भटक्या समाजांतील मुले शिकली. रक्त तेच होते, बदलले ते वातावरण.

वस्ती आणि तिचा आधार

रक्ताचा हा भ्रम अमेरिकेत आकडेवारीने दूर झाला. शिकागो शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघा अभ्यासकांनी अनेक दशकांतील बालगुन्हेगारीच्या नोंदी शहराच्या नकाशावर मांडल्या. १९४२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शहराच्या मध्यभागाजवळील जुनाट, गजबजलेल्या वस्त्यांत प्रथम जर्मन आणि आयरिश राहत होते, पुढे तेथे पोलिश आणि इटालियन आले. वस्तीतील लोक बदलले तरी त्या वस्तीचे गुन्ह्यांचे प्रमाण चढेच राहिले. आणि जे लोक तेथून बाहेर पडून स्थिरावले, त्यांच्या मुलांतील प्रमाण उतरले. गुन्हा वंशाबरोबर फिरत नव्हता. जेथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, दुसऱ्याच्या मुलाला हटकण्याचा अधिकार कोणाला वाटत नाही, तेथे तो मुक्काम करत होता.

महाराष्ट्राने याचे एक उदाहरण जवळून पाहिले आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातील काही तरुण टोळ्यांकडे ओढले गेले. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये म्हटल्याप्रमाणे, समाज यशाची स्वप्ने सर्वांना सारखीच दाखवतो, पण ती गाठण्याचे सन्मार्ग काहींनाच उपलब्ध असतात. त्या दरीत अपराध जन्मतो. तरीही येथे थांबून चालणार नाही. त्याच चाळींत, त्याच उपासमारीत असंख्य मुले टोळ्यांकडे फिरकली नाहीत. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रात्रशाळेत शिकले. आईने खानावळ चालवून, डबे पोहोचवून घर सावरले. गरिबीच गुन्ह्याचे कारण असती, तर गिरणगावात घरटी एक गुंड निघाला असता. तसे म्हणणे हा कोट्यवधी प्रामाणिक गरिबांचा अपमान आहे.

पांढऱ्या कपड्यांतील चोरी

गरिबी हे एकमेव कारण नाही, याचा दुसरा पुरावा सुशिक्षित वर्गात सापडतो. २७ डिसेंबर १९३९ रोजी फिलाडेल्फिया येथे समाजशास्त्रज्ञांच्या सभेत एडविन सदरलँड यांनी ‘पांढरपेशा गुन्हेगार’ ही संकल्पना मांडली. १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील ७० बलाढ्य कंपन्यांच्या कायदेभंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील कंपन्यांची नावे गाळावी लागली. ती नावांसह आवृत्ती निघायला १९८३ उजाडले! गुन्हा ही शिकली जाणारी गोष्ट आहे, असे सदरलँड यांचे म्हणणे होते. ज्यांच्या सहवासात कायदा पाळणे हा बावळटपणा मानला जातो, त्यांच्या सहवासात माणूस कायदा मोडायला शिकतो, मग तो सहवास झोपडपट्टीतला असो वा वातानुकूलित कार्यालयातला. कच्च्या कैद्यांना सराईतांच्या सोबत वर्षानुवर्षे कोंडले तर काय होईल, याचे उत्तरही त्यात आहे.

कौटिल्याला हे नवे वाटले नसते. अधिकारी राजकोषातील धन कसे गिळंकृत करतात, याचे चाळीस प्रकार त्याने नोंदवून ठेवले आहेत. चोर म्हणून न ओळखल्या जाणाऱ्या चोरांपासून प्रजेचे रक्षण करणे, हे त्याने राजाचे कर्तव्य मानले. १९९२ च्या रोखे घोटाळ्यातील माणसे उपाशी नव्हती. ‘सत्यम’ कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिलेल्या कबुलीपत्रानुसार, हिशेबातील एक लहानशी तफावत वर्षानुवर्षे झाकत राहिल्याने ती हजारो कोटींची झाली. अशा घोटाळ्यांत ज्यांचे पैसे बुडतात, त्यांत निवृत्तिवेतनावर जगणारी मध्यमवर्गीय कुटुंबेच अधिक असतात.

सुशिक्षित माणूस स्वतःच्या सदसद्‌विवेकबुद्धीला गप्प कसे करतो? ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये अशा पाच सबबी सांगितल्या. मराठी घरांत त्या रोज ऐकू येतात. ‘माझा नाइलाज होता’ ही पहिली. ‘कोणाचे काय बिघडले?’ ही दुसरी. ‘त्याची तीच लायकी होती’ ही तिसरी. ‘तुम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे?’ ही चौथी. आणि सर्वांत घातक ती पाचवी : ‘हे मी माझ्यासाठी नाही, माझ्या माणसांसाठी केले.’

या पाचव्या सबबीचे उत्तर भारतीय लोकपरंपरेने केव्हाच दिलेले आहे. वाटसरूंना लुटणाऱ्या वाल्याला नारदांनी कायद्याचे कलम दाखवले नाही की नरकाचे भय घातले नाही. त्यांनी त्याला घरी पाठवले आणि एवढेच विचारायला सांगितले की, या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? पत्नी आणि मुले ‘नाही’ म्हणाली. त्या एका नकाराने वाल्याची सबब कोसळली आणि वाल्मीकीचा मार्ग मोकळा झाला. कथेतील हे मर्म सहसा नजरेआड होते. वाल्याचे परिवर्तन तपाने पूर्ण झाले, पण त्याची सुरुवात कुटुंबाच्या नकाराने झाली. आज पगाराच्या हिशेबात न बसणारी गाडी दारात उभी राहते, तेव्हा किती घरांत हा प्रश्न विचारला जातो? आणि किती घरांत पेढे वाटले जातात?

माणूस थांबतो कशाने?

अपराधशास्त्रातील अलीकडचा मोठा बदल म्हणजे प्रश्नच उलटा विचारणे. माणूस गुन्हा का करतो, याऐवजी बहुसंख्य माणसे तो का करत नाहीत, असे ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये विचारले. त्यांचे उत्तर होते, बंध. आईवडिलांविषयीची ओढ, भविष्यात काही गमावण्याजोगे असणे, हातांना आणि मनाला काम असणे, नियमांवर श्रद्धा असणे. हे चार धागे ज्याच्याभोवती विणलेले असतात, तो घसरला तरी कोसळत नाही.

या विचाराची कसोटी एका विलक्षण अभ्यासाने पाहिली. शेल्डन आणि एलेनोर ग्लुक या दाम्पत्याने बोस्टन परिसरातील ५०० बालगुन्हेगार आणि तशाच वस्त्यांतील ५०० इतर मुले यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला होता. ही कागदपत्रे पुढे हार्वर्डच्या तळघरात पडून होती. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी ती बाहेर काढली आणि त्या बालगुन्हेगारांचा त्यांच्या सत्तरीपर्यंत शोध घेतला. बहुतेकांनी गुन्हेगारी कधी ना कधी सोडून दिली होती. कोणाला स्थिर नोकरी मिळाली, कोणी सैन्यात गेले, कोणाचा संसार जुळला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल’ असा याचा अर्थ काढून कोणाच्या लेकीचा बळी देऊ नये. नुसत्या विवाहविधीने किंवा नेमणूकपत्राने कोणी सुधारत नाही. रोजचा दिनक्रम, कोणाची तरी नजर आणि तुटू नये असे वाटणारे नाते यांनी माणूस सावरतो.

फिलाडेल्फियात १९४५ मध्ये जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या अभ्यासानेही असेच दाखवले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सुमारे एकतृतीयांश मुलांची पोलिसांत कधी तरी नोंद झाली. पण अवघ्या सहा टक्के मुलांनी निम्म्याहून अधिक गुन्हे केले. म्हणजे पाय घसरलेल्या मुलांतील बहुतेक स्वतःच सावरतात. पहिल्याच चुकीला आयुष्यभराचा शिक्का मारणारा समाज त्यांना त्या सहा टक्क्यांत लोटतो. बालन्याय कायद्यातील नव्या प्रारंभाचे तत्त्व, १९५८ चा परिवीक्षा कायदा आणि नव्या न्याय संहितेत प्रथमच आलेली समाजसेवेची शिक्षा यांमागे हीच दृष्टी आहे.

स्वतंत्रपूरचा प्रयोग

हे सारे परदेशी ग्रंथांतून येण्यापूर्वी महाराष्ट्राच्या दुष्काळी मातीत याचा प्रयोग झाला होता. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये ‘स्वतंत्रपूर’ ही मुक्त वसाहत उभी राहिली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन हे तिचे प्रेरक होते आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिला आश्रय दिला. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे उंच भिंतींत न कोंडता शेती कसायला देण्यात आली. विश्वास, श्रम आणि कुटुंब हे तेथील पहारेकरी होते. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निर्माण केला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपट सर्वांना आठवतो. आटपाडीची ती वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

समजणे आणि क्षमा करणे

गुन्ह्याचे कारण समजून घेणे म्हणजे गुन्हा माफ करणे, असा गैरसमज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. ज्या घरातील कर्ता पुरुष मारला गेला, ज्या भगिनीवर अत्याचार झाला, त्यांच्या दुःखापुढे कोणताही सिद्धांत पांगळा आहे. त्यांना न्याय मिळालाच पाहिजे आणि तो वेळेत मिळाला पाहिजे. परिस्थितीने वाट निसरडी होते, पण पाऊल टाकणारा माणूसच असतो. त्याला उत्तरदायी धरणे हा त्याच्या माणूसपणाचाच आदर आहे. मात्र पीडितासाठीही न्यायाची पूर्तता तेव्हाच होते, जेव्हा तसेच दुःख दुसऱ्या घरावर ओढवत नाही. त्यासाठी कारणांपर्यंत जावेच लागते.

आणि ही कारणे पोलीस ठाण्याच्या हद्दीत मावणारी नाहीत. शिक्षा भोगून आलेला माणूस काम मागायला येतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणारा दुकानदार त्या कारणांत असतो. पारध्याच्या मुलाशेजारी आपले मूल बसू न देणारा पालक त्यात असतो. वस्तीतील सोळा वर्षांचा मुलगा शाळा सोडून नाक्यावर उभा राहू लागला, हे पाहूनही न हटकणारा शेजारी त्यात असतो. मुलाच्या वरकमाईची कौतुके सांगणारे घर त्यात असते. यांतील एकेक जागी संस्कारित कुटुंब आणि सेवाभावी कार्यकर्ता उभा राहिला, तर जे काम कोणतीही कवटी मोजून झाले नाही, कोणत्याही तारेच्या कुंपणाने झाले नाही, ते होऊ लागेल. सोलापुरात कुंपण घातले गेले आणि आटपाडीत ते काढून टाकले गेले. दोन्ही ठिकाणांत अंतर फारसे नाही. त्यांपैकी कोणत्या ठिकाणची दृष्टी स्वीकारायची, हे प्रत्येक गावाने, प्रत्येक घराने ठरवायचे आहे.